सलाम नसलेला मेल

पडेगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान चालवणारे एक भाई आहेत. सगळी गल्ली त्यांना मेलवर कागद पाठवते आणि प्रिंट न्यायला येते. पण आत काय आहे ते पाठवणाऱ्यानं तोंडानं सांगितल्याशिवाय भाई फाईल उघडत नाहीत. "दार वाजलं की कोण हाय इचारता ना? मंग?" असं म्हणून ते माऊसवरचा हात काढतात. गिऱ्हाईक चिडतं. भाई आरामात चहा पितात.

परवा दुपारी त्यांचा फोन आला. "सर, तुमच्या नावानं मेल आलाय. 'फोटो लवकर उघडा' म्हणतो. तुम्ही पाठवला?"

"नाही हो!"

"वाटलंच मला. तुम्ही एका पानासाठीबी आधी 'भाई, सलाम' लिहिता. ह्याच्यात सलामच नाय. उडवून टाकला."

माझा पासवर्ड कुणीतरी पळवला होता. तोच मेल माझ्या घरच्यांनी माझा समजून बिनधास्त उघडला होता. भाईंना मात्र एका ओळीत कळलं, याचा मला केवढा अभिमान वाटला!

संध्याकाळी मुद्दाम दुकानावर गेलो आणि गर्दीच्या मागूनच म्हणालो, "भाई, सलाम."

भाईंनी मान वर न करता सगळ्यांना सांगितलं, "हां, हे असली सर हायेत."