शिडी घाटात मिळालेला होकार

लग्नाला वर्ष होत आलं तरी नवऱ्याशी निवांत चार शब्द बोलता आले नव्हते, म्हणून मी भीमाशंकरचा डोंगर चढायचं ठरवलं.

लालबागच्या चाळीतल्या आमच्या एका खोलीत आठ माणसं राहत. पुरुष गॅलरीत झोपत, बायका आत. आमचे हे गिरणीत कारकून. गिरणी सुटली की सभा. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. मुंबई कुणाची, हे हिंदमाताच्या नाक्यापासून परळपर्यंत सगळ्यांना ओरडून सांगून आमचे हे घरी येत तेव्हा घसा बसलेला असे, त्यामुळे माझ्या वाट्याला फक्त खुणा. जेवण वाढ. पाणी दे. उद्या सदरा धुऊन ठेव.

मला त्यांना एकच विचारायचं होतं. मी गावाकडे सातवीची फायनल परीक्षा पास झाले होते आणि प्रभादेवीच्या एका शाळेत लहान मुलांना शिकवायला बाई हव्या होत्या. सासूबाईंना विचारलं असतं तर माझा प्रश्न संपायच्या आत नकार मिळाला असता. आधी नवऱ्याचा होकार हवा, आणि त्यासाठी नवरा एकटा सापडायला हवा. फिरायला जातो म्हटलं असतं तर अख्खी चाळ हसली असती. देवाला जातो म्हटल्यावर मात्र कुणी अडवत नाही. देव इतक्या अवघड जागी असला की सोबत यायला कुणी धजणार नाही, असा माझा अंदाज होता.

अंदाज चुकला. यांची आत्या, नवऱ्यामागे कित्येक वर्षं गिरणीच्या रिळाखात्यात उभी राहून काम करणारी, चटई गुंडाळून दारात हजर. म्हणाली, "माका पण येवचा हा. मरणाच्या आधी शंकराक एकदा बघतंय."

आत्याबाईंचे दोन्ही गुडघे दुखरे. मला वाटलं, वाटेत कुठेतरी थांबतील. हे विचार देवदर्शनाला शोभणारे नव्हते, पण केले.

आता वाट सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर उपयोगी पडेल. दादरला पहाटेची गाडी धरायची आणि नेरळला उतरायचं. तिथून कशेळ्याला एसटी. नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते. कंडक्टरने दिलेली मोड आत्याबाईंनी आण्यांत मोजली, आणि कशेळं येईपर्यंत त्याच्यावर डोळे रोखून बसल्या. पुढे खांडस गावापर्यंत आम्ही चालत गेलो. दिवाळी होऊन गेली होती. भातं कापून झाली होती, पेज नदीला गुडघाभर पाणी होतं आणि त्याच्या तळाचा गोटा न् गोटा दिसत होता. लालबागला नळाखाली बादली लावायला रांग, आणि इथे एवढं पाणी कुणी विचारत नाही म्हणून उगाच वाहत चाललेलं. आत्याबाई नदीत मधोमध उभ्या राहिल्या आणि निघेचनात. "पायांक बरा वाटता," म्हणाल्या. त्या दिवशी मला प्रथमच त्या आवडल्या.

खांडसला चहा मिळाला. गुळाचा, पण गरम. चहावाला म्हणाला, "दोन वाटा आहेत. बायकामाणसं आहेत, तर गणेश घाटानं जा. लांब आहे, पण सोपा. शिडी घाट जवळचा, पण खडकावर चढावं लागतं."

हे ताठ झाले. "आम्ही लाठ्यांसमोर उभे राहिलेली माणसं," म्हणाले. "आम्हाला शिडीची काय भीती?"

लाठ्यांचं खरं होतं. यांच्या खांद्यावर वळ होता, मी त्यावर हळद लावली होती. पण लाठी खालच्या रस्त्यावर असते. हा फरक आम्हा तिघांपैकी कुणाच्याच लक्षात आला नाही.

जंगल संपून खडक सुरू झाला. तिथे लाकडाची शिडी, वेलींनी बांधलेली. तिच्या वर एक अरुंद कंगोरा, एका हाताला भिंत आणि दुसऱ्या हाताला थेट कोकण. पकडायला एका झाडाचं मूळ. आता तिथे लोखंडी शिड्या आहेत म्हणे. आत्याबाई शिव्या घालत सगळ्यांत आधी गेल्या. कुणाला घालत होत्या कळेना, शंकराला की गुडघ्यांना, पण पलीकडे पोचल्या. मग हे निघाले. मी यांच्या मागे, शिडीच्या वरच्या पायरीवर.

कंगोऱ्याच्या मध्यावर यांनी खाली पाहिलं.

यांचे पाय थांबले. मुळाला धरलेली बोटं पांढरी पडली. मानेवरून घाम ओघळताना मला मागून दिसत होता.

"खाली बघू नको रे झिला," आत्याबाई पलीकडून ओरडल्या. "माझ्या थोबाडाकडे बघ!"

"माझ्याने होत नाही," हे म्हणाले. आवाज सभेतला नव्हता. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, "तू बोल. काहीतरी बोलत राहा. गप्प बसू नकोस."

वर्षभर मी ज्या वाक्याची वाट पाहत होते ते हे असं, खडकाला गाल लावून, आलं.

मी बोलले. शिडीवरून कंगोऱ्यावर सरकले, यांची टाच हाताने धरली आणि म्हणाले, "डावा पाय वीतभर पुढे घ्या. मी फायनल पास आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"हो. पुढे?"

"आता उजवा. प्रभादेवीला एका शाळेत बाई हव्या आहेत. मला जायचंय."

"जा. जा ना. पण आता पाय कुठे ठेवू?"

"तिथेच, खाच आहे. सासूबाई नाही म्हणतील."

"मी सांगतो तिला. तू थांबू नकोस, बोलत राहा!"

मग मी थांबलेच नाही. मुलांना शिकवायला मला का आवडतं ते सांगितलं. चाळीत आल्यापासून मी दिवसाला किती कमी बोलते ते सांगितलं. तुमची सभा ऐकायला मी एकदा शेजारणीबरोबर आले होते, आणि तुम्ही चांगलं बोललात, हेही सांगितलं. तोवर आत्याबाईंनी यांचं मनगट धरलं आणि पलीकडे ओढून घेतलं.

पुढे वाटेतल्या पदरवाडीत पाणी प्यायलो. शेवटचा चढ दाट झाडीतून जातो, तिथे शेकरू दिसतं, मान वर करून चाला. देवळात गर्दी नव्हती. शंकराला आत्याबाईंनी मनसोक्त पाहिलं. देवळामागे भीमा नदी उगम पावते. एवढी मोठी नदी, पण तिथे तिची धार आमच्या चाळीच्या नळाहूनही बारीक. मी ओंजळ धरली आणि ती भरेपर्यंत बराच वेळ थांबले.

एका गुरवाच्या घरी पिठलं-भाकरी खाल्ली, मुक्काम केला. सकाळी यांचा रंग परत आला आणि त्याबरोबर कारकुनीही. अंगणात चूळ भरून म्हणाले, "काल ते शाळेचं तू म्हणालीस... बघू. घरी गेल्यावर आईचं काय म्हणणं पडतं ते."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही.

आत्याबाई चुलीपाशी होत्या. उठल्यासुद्धा नाहीत. "खडकार काय बोललंस, ता मी आयकलंय," म्हणाल्या. "शंकराच्या दारात शब्द फिरवतंस? लाज नाय?"

हे पिशवी भरायला लागले. उतरताना आम्ही गणेश घाटाने उतरलो. लांब आहे, पण सोपा. कुणीच कारण विचारलं नाही.

घरी सासूबाईंनी प्रसाद घेतला आणि विचारलं, देव कसा होता. आत्याबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी हे बोलले. सात माणसं बसली होती, सगळ्यांसमोर. "ही प्रभादेवीच्या शाळेत शिकवायला जाणार आहे. मी हो म्हटलंय." सासूबाई माझ्याशी बरेच दिवस बोलल्या नाहीत, पण त्या घरात ते फारसं जाणवायचं कारण नव्हतं.

त्या शाळेत माझा जन्म गेला. त्या प्रवासातलं बाकी बरंचसं आता पुसट झालंय. पाण्याचा गारवा आणि गुळाचा चहा तेवढा राहिला. आणि एक बोलणं. पहिल्या दिवशी शाळेत पोचवायला हे स्वतः आले. रस्त्यात मी धीर करून विचारलं, "खरं सांगा, तेव्हा भीतीपोटी हो म्हणालात ना?"

"घाबरलो होतो हे खरं," म्हणाले, "पण त्या जागी खोटं बोलण्याइतकी शुद्ध होती का मला?"