स्टुलावरची विळी

सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदलले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, चाला, जिने चढा, बाजारात जा, पण जमिनीवर बसणं आता विसरा. मांडी नाही, उकिडवं नाही. सासूबाईंनी मान हलवली. जेवण टेबलावर होतंच, देवपूजा खुर्चीत बसून करता येणार होती, मग अडणार कुठे, असं आम्हालाही वाटलं. अडलं ते आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये.

कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीत वर्षातून एकदा सत्यनारायणाची पूजा असते आणि संध्याकाळी सगळ्यांचं एकत्र जेवण. केटरर बोलवूया असं दरवर्षी कोणीतरी सुचवतं आणि दरवर्षी बायका ते हाणून पाडतात. सकाळी हॉलमध्ये सतरंज्या अंथरायच्या, प्रत्येकीने आपापली विळी घेऊन यायची आणि गोल करून भाजी चिरायची, हाच त्यांचा खरा सण. पूजेला एखादी आली नाही तरी चालतं, पण चिरायला आली नाही तर काय झालं म्हणून घरी विचारायला येतात. कोणाचं लग्न ठरतंय, कोणाचं बाथरूम कोणाच्या छतातून गळतंय, सगळ्याचा निकाल त्या गोलात लागतो. आणि त्या गोलात कोबी सासूबाईंचा. तसा ठराव कोणी केलेला नव्हता, पण त्यांच्यासारखा बारीक कोबी कोणाला येत नाही हे सगळ्यांना मान्य होतं.

ऑपरेशननंतरच्या पूजेला त्या काठी टेकत गेल्या. बायकांनी प्रेमाने खुर्ची आणली, भिंतीला लावून ठेवली आणि हातात कोथिंबिरीची जुडी दिली. "काकी, तुम्ही निवांत निवडा. टेन्शन घ्यायचं नाय." सासूबाई भिंतीशी बसून निवडत राहिल्या. खाली गोलात हशा पिकला की त्या विचारायच्या, "काय गं, काय झालं?" आणि कोणीतरी मान वर करून सांगायचं, "काय नाय काकी, असंच." घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या, "ओट्याखालची ती विळी काढ आणि भंगारवाल्याला देऊन टाक."

"का हो आई?"

"कोथिंबीर निवडायला विळी लागत नाही."

मला राग आला. बायकांचा नाही, त्यांनी चांगुलपणाच केला होता. गुडघ्यांवर रागावून उपयोग नसतो. त्या रागात मी मनाशी पक्कं केलं की पुढच्या पूजेला या बाई त्या गोलात बसून कोबी चिरतील. सासूबाईंना हे सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "एकदा तुझ्या डोक्यात शिरलं की..." आणि पेपर उघडला. लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत, त्याला पुढचं माहीत आहे.

मी तुर्भ्याच्या एका कंपनीत घरगुती वस्तू डिझाइन करते. डबे, बादल्या, गाळण्या, चाळण्या. आणि मला जुन्या, हाताने घडवलेल्या वस्तूंचा नाद आहे. आमच्या भागातला भंगारवाला काही लाकडी-पितळी हाती लागलं की आधी आमची बेल वाजवतो. पितळेचा सोऱ्या, लाकडी रवी, भांडं टेकवायची लोखंडी तिवई, एका बाजूने झिजलेलं उलथनं, असं सगळं माझ्या कपाटात आहे. "घर आहे की जुन्या बाजाराचं गोदाम?" असं नवरा पाहुण्यांसमोर विचारतो. त्याला काय सांगायचं! कंपनीच्या सगळ्यात जास्त खपलेल्या चाळणीची कड मी याच कपाटातल्या एका पितळी चाळणीवरून उचलली आहे. नवीन काही सुचेनासं झालं की मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्रं बघत बसत नाही, कपाट उघडते. यातली प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी हाताकडे बघून केलेली असते, आणि ती नीट निरखली की तो हात दिसायला लागतो.

विळी भंगारात गेली नाही. माझ्या टेबलावर आली. फणसाच्या लाकडाचा पाट, लोहाराने ठोकलेलं जाड पातं आणि टोकाला नारळ खवायची दातेरी खवणी. सासूबाईंच्या वडिलांनी त्यांच्या लग्नात गावच्या सुताराकडून आणि लोहाराकडून करून घेतलेली. मी तिचे फोटो काढले, मापं घेतली आणि खूश होऊन कामाला लागले.

सीवूड्सच्या मॉलमधून ओट्याला घट्ट बसवायची एक तयार विळी आणली, ती पहिली फसली. ओट्यावर पातं सासूबाईंच्या छातीपर्यंत येत होतं. हात खांद्यापर्यंत उचलून त्यांनी एक दुधी कापला आणि म्हणाल्या, "हे काय, झाडावरचं पाडायचंय का?" मग मी स्वतः एक बनवली. बुटकं टेबल, त्यावर पातं, खाली रबराचे पाय. ऑफिसात सगळ्यांनी वाहवा केली. घरी सासूबाईंनी खुर्चीत बसून तिच्यावर कोबी ठेवला, जोर लावला आणि सगळं टेबल कोबीसकट फ्रिजपर्यंत गेलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "गुडघ्यांनी मला सोडलं, आता तूही सोड." त्यांनी ते सहज म्हटलं, म्हणूनच मला जास्त लागलं.

मग मी टेबल बाजूला ठेवलं आणि जुनी विळी घेऊन जमिनीवर बसले. खरं सांगायचं तर मी सुरीवर वाढलेली मुलगी. विळी मी आयुष्यभर बघितली होती, चालवली नव्हती. रोज ऑफिसातून आल्यावर गवार, भेंडी, बटाटा, जे असेल ते विळीवर. बोटाला पट्टी आणि ताटात एकेक भेंडीचे दोन दोन तुकडे, असे आठवडे घरच्यांनी सहन केले. सासूबाई खुर्चीवरून बघायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या.

एका रविवारी कोबी चिरताना माझ्या लक्षात आलं की माझी उजवी मांडी सारखी एकाच जागी पाटावर दाबली जाते. हात लावून बघितलं. त्याच जागी फणसाच्या त्या लाकडाला उथळ खळगा होता. इतके दिवस मी तो झीज म्हणून फोटोत टिपला होता आणि पुढे गेले होते. विळीवर आपण भाजी पुढे ढकलतो, म्हणजे विळीही पुढे पळणार. तिला जागच्या जागी धरतं ते आपल्या अंगाचं वजन. स्क्रू नाही, रबर नाही, बसलेली बाईच तिला धरून ठेवते. माझ्या दोन्ही विळ्यांमधून मी नेमकी बाईच काढून टाकली होती. मी तशीच उठून नाचले. नवरा म्हणाला, "बोट कापलं का?"

आता सरळ होतं. विळी ओट्यावर नको, टेबलावर नको, ज्यावर बसायचं त्यालाच जोडलेली हवी. खुर्चीच्या उंचीचं भक्कम स्टूल, त्याची बैठक पुढे जिभेसारखी लांब काढलेली आणि त्या जिभेच्या टोकाला पातं. पाय दोन्ही बाजूंनी मोकळे, गुडघ्यांना ताण नाही आणि सगळं वजन बैठकीवर. सेक्टरच्या नाक्यावरच्या सुताराकडून मी ते जुन्या सागवानी चौकटीतून करून घेतलं. घरी आणलं तर सासूबाईंनी एका नजरेत विचारलं, "आणि चिरलेली भाजी पडणार कुठे? माझ्या पायांवर?" ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कपाटातली लोखंडी तिवई काढली आणि पात्याच्या खाली स्टुलाला जोडून बसवली. तिच्यात त्यांची परात अशी बसली की जणू मापानेच केली होती.

घोडं अडलं ते पात्यावर. बाजारातलं नवं पातं पातळ. कोबीला चालायचं, पण नारळ खवायला घेतला की थरथरायचं. जाड, ठोकलेलं पातं हवं होतं आणि ते घरातच होतं. पण त्यासाठी जुनी विळी मोडावी लागणार होती. मी जुन्या वस्तू मोडत नाही, हा माझा नियम. पुसायच्या, तेल लावायचं आणि जपायच्या. मी आणखी पाती आणून बघितली, चालढकल केली, पूजा जवळ आली. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "जुनं पातं काढ की."

"आई, तुमच्या वडिलांनी करून घेतलेली आहे ती. पुन्हा जोडता नाही आली तर?"

"नाही तर नाही. त्यांनी ती मला चिरायला दिली होती, तुझ्या कपाटात ठेवायला नाही."

बाल्कनीत बसून मी पात्याची खीळ ठोकून काढली. खीळ सहज निघाली, मला मात्र रडू आलं. पात्याविना तो पाट नुसती फळी दिसत होता. एवढं प्रेम मी या वस्तूवर आधी कधी केलं नव्हतं आणि तिलाच हातोडीने मोडत होते. पण मी थांबले नाही. दुपारपर्यंत पातं सागवानात बसलं होतं आणि सासूबाई नारळ खवत होत्या. पातं हललं नाही, स्टूल हललं नाही.

पूजेच्या सकाळी त्या पुढे आणि स्टूल उचलून मी मागे, अशा आम्ही हॉलमध्ये गेलो. गोल जमला होता. त्यांच्यासाठी भिंतीशी खुर्चीही मांडून ठेवली होती. त्या खुर्चीजवळून तशाच पुढे गेल्या आणि सतरंजीच्या कडेला उभ्या राहून म्हणाल्या, "सरका गं जरा." बायका सरकल्या. मी स्टूल मांडलं, त्यांनी पातं उभं केलं, परात ठेवली आणि पदर खोचून बसल्या.

"अगं बाई, काकींनी सिंहासनच आणलं!"

"मग? राणीला कुठे बसवणार होतात? भिंतीला?"

सगळ्या हसल्या, पण मी हसले नाही. मला फक्त चुका दिसत होत्या. त्यांचं डोकं बाकीच्यांपेक्षा फार वर येत होतं. एक पाय सतरंजीच्या घडीवर आला होता. कोणीतरी कोबीचा गड्डा वर दिला. पहिल्याच कापाला जाड तुकडा पडला. गोलातल्या गप्पा थांबल्या होत्या, सगळ्या बघत होत्या. सासूबाईंनी तो जाड तुकडा शांतपणे उचलला, तोंडात टाकला आणि चावत चावत पुन्हा सुरुवात केली. मग मात्र हात सुटला. परातीत बारीक कोबी पडायला लागला आणि खालून कोणीतरी कोणाच्या तरी नव्या सुनेचा विषय काढला. आता त्यांना काही विचारावं लागत नव्हतं. त्याच सगळ्यात मोठ्याने बोलत होत्या.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. त्या एकदा तरी माझ्याकडे बघतील, निदान कोणाला तरी म्हणतील की हे आमच्या सुनेने केलंय, अशी मला आशा होती. त्यांनी बघितलंच नाही. पहिला गड्डा संपला, दुसरा संपला. ऑफिसात कोणी माझं श्रेय खाल्लं की जशी चिडते तशी मी मनातून चिडले. वर्षभर बोटं कापून घेतली आणि बाईंना माझी आठवणही नाही!

आणि ऑपरेशन झाल्यापासून त्या माझ्याशी किती गोड बोलायच्या! 'तुला वेळ असेल तर', 'जमलं तर बघ, नाही तर राहू दे'. घरात पाहुण्या आल्यासारख्या. आधीचं ते हक्काचं ओरडणं बंदच झालं होतं. त्या गोडव्याने मला वर्षभर आतून कुरतडलं होतं.

तेवढ्यात त्यांनी मान वळवली. हात थांबवला नाही, फक्त आवाज चढवला.

"अगं ए, अशी काय उभी राहिलीस भिंतीला पाठ लावून? नारळ कोण फोडणार, मी? चल, हात चालव!"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी कोयता आणायला धावतच सुटले.