मोगरा जावई, अबोली सून

दारात टोपली उतरवली की ती आधी तुळशीच्या मातीत बोट खुपसायची. चांगलं पेरभर आत. मग ते बोट अंगठ्यावर चोळून निकाल द्यायची, "पोट भरलंय," नाहीतर "उपाशी हाय." फुलांची पुडी त्यानंतर.

आम्ही तिला नुसतं फुलवाली म्हणत असू. तुमच्याही आळीत अशी कोणी येत असेल. तिच्याकडे आपण किती पाहतो, ते एकदा आठवून बघा. ही खाडीपलीकडून, कळव्याहून, सकाळच्या पहिल्या होडीनं ठाण्यात यायची. आगगाडी ठाण्याला येऊन तेव्हा पंचवीसएक वर्षं झाली होती, पण तिच्या लेखी गाडी म्हणजे पुलावरून जाणारा आवाज. वयानं ती माझ्या आईएवढी. मी मराठी शाळेतला दुय्यम मास्तर, पंचविशीचा. ती मला "तुमी" म्हणे आणि मी तिला "तू". यात काही वावगं आहे असं तेव्हा कोणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही.

आमच्या परसात विहिरीजवळ थोडी मोकळी जागा होती. तिथं मोगरा लावावा की अबोली, यावर घरात आठवडाभर खल चालला होता. शेवटी बायकोनं तिलाच विचारलं.

ती ओट्याच्या पायरीवर टेकली. "बाय, मोगरा जावाय हाय आनि अबोली सून. जावाय दोन म्हैने येतो, सगलं घर त्याच्याभवती. वास काय, थाट काय! मंग दहा म्हैने त्याची मर्जी सांभाला. सून बारा म्हैने राबते. तिला वास नाय, बोलनं नाय, म्हनून तिला कुनी चांगली म्हनत नाय."

बायको हसून हसून बेजार झाली. "मग लावू तरी काय?"

"दोगांना लावा. उन्हाची जागा जावयाला, सावलीची सुनंला."

दुसऱ्याच दिवशी तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून मोगऱ्याच्या फांद्या आणल्या आणि पदराच्या गाठीत अबोलीचं बी. जाताना बियांची एक वाळकी बोंडी माझ्या तळहातावर ठेवून तिनं वर पाण्याचा थेंब सोडला. बोंडी तडकन फुटली आणि मी दचकून हात झटकला. त्यावर ती लहान मुलीसारखी हसली.

अबोली त्याच वर्षी फुलली. मोगरा मात्र नुसता पानांनी माजला. मी थंडीतही रोज न चुकता त्याला घागरभर पाणी घालत होतो. ते पाहून तिनं कपाळावर हात मारला. झाडाला ती झार म्हणे. "मास्तर, शालेत पोरांना छरी मारता आनि झाराचे लार करता? पौषात पानी तोरा. पानं झरू द्या. झाराला तहान लागली की त्याला फुलाची आठवन व्हते."

मी पाणी तोडलं. माघात तिनं स्वतः कोयत्यानं फांद्या छाटल्या, मुळाशी शेणखत घातलं. चैत्रात मोगरा असा फुलला की शेजारच्या बायका वास घेत परसात आल्या. असं तीन वर्षं चाललं. ती सांगायची, मी करायचो, आणि रात्री वहीत लिहून ठेवायचो. मोगऱ्याची कळी संध्याकाळी खुडावी, दुसऱ्या दिवशी ती तांबूस पडते. अबोलीचा वळेसर, म्हणजे विणलेला गजरा, तीन दिवस टिकतो. मोगऱ्याला ऊन कमी पडून चालत नाही, अबोलीला मुळाशी साचलेलं पाणी चालत नाही. वहीत सगळं होतं. ते कोणी सांगितलं, तेवढं मात्र कुठं लिहिलेलं नव्हतं.

गावात आमची एक वाचनसभा होती. महिन्यातून एकदा कोणीतरी निबंध वाचायचा. त्या वर्षी शाळाखात्याचे डेपुटीसाहेब सभेला येणार असं कळलं, आणि कल्याणच्या शाळेतली हेडमास्तरची जागा रिकामी होती. मी निबंध ठरवला, 'घरच्या बागेत मोगरा बरा की अबोली?' पाहुण्यांसाठी हारही लागणार होते. ते तिलाच सांगितले.

निबंध रंगला. "तीन वर्षे स्वतः प्रयोग करून मी या निर्णयास आलो आहे," असं मी मोठ्यानं वाचलं. जावई आणि सून आले तेव्हा तर साहेबांनी मांडीवर थाप मारली. टाळ्या थांबेनात. मी सहज दाराकडे पाहिलं. ती उंबऱ्याबाहेर रिकामी टोपली घेऊन बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. माझ्या वाक्यांबरोबर हलत होते.

साहेबांनी विचारलं, "आमच्या मोगऱ्याचं पाणी तोडलं, छाटणीही केली. तरी फूल नाही. काय कारण असावं?"

वहीत याचं उत्तर होतं, पण प्रश्न असा उलटा आल्यावर मला ते सापडेना. मी जमिनीच्या गुणधर्मांबद्दल काहीतरी बोलू लागलो. माझं मलाच समजेना.

दारातून आवाज आला, "भिंतीच्या सावलीला असंल, साहेब. त्याला दिसभर ऊन व्हवं."

साहेब चकित झाले. "खरंच की! भिंतीलगतच आहे. ही बाई कोण? तुमच्या ओळखीची का?"

आता इथं थांबून मी तुम्हाला काही सबब सांगू शकतो. तरुण होतो, घाबरलो होतो. पण तसं नव्हतं. उत्तर द्यायला मला पुरेसा वेळ मिळाला होता.

"छे, ओळखीची कसली? फुलं पोचवायला आलीय," मी म्हणालो. "आत्ता ऐकलं तेच बोलते आहे."

सभा हसली. शिपायानं तिला हातानंच खूण केली. तिनं टोपली उचलली, पदर सारखा केला आणि पायऱ्या उतरून गेली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी आली. मी परसात लपून राहिलो. होय, लपूनच. चौथ्या दिवशी मात्र दारातच गाठ पडली.

"मास्तर, गोर वाचलंव," एवढंच म्हणाली. ती गोडला गोर म्हणत असे.

"हं," मी म्हणालो.

महिन्याभरात कल्याणची जागा मला मिळाली. निघायच्या सकाळी तिनं बायकोच्या हातात अबोलीची रोपं दिली. मी सामान बांधण्यात गुंतलो होतो, निदान तसं दाखवत होतो.

क्षमा मागायला मला सहा वर्षं लागली. कामासाठी ठाण्याला आलो होतो, तसाच होडीत बसून कळव्याला गेलो. ठाण्याला फुलं नेणारी बाई, असं विचारत विचारत घर सापडलं. अंगणात तिची सून फुलं निवडत बसली होती.

"सासू गेली. दोन पावसाले झाले," ती म्हणाली. मग माझी पगडी न्याहाळून तिनं विचारलं, "तुमी ते शालेचे मास्तर?"

मी मान हलवली.

ती उठून उभी राहिली. "सासू सगल्या गावाला सांगायची! मास्तरांनी माजं बोलनं कागदावर लिवलं, साहेबासमोर वाचलं. लोकांनी टाल्या वाजवल्या. आनि साहेबांनी विचारलं, बाई कोन, तवा मास्तरांनी भर सभंत माजं नाव घेतलं."

मी पगडी सावरली.

"खरंच नाव घेतलंव?" तिनं विचारलं. "नवऱ्याच्या नावासकट? पुरं?"

"हो," मी म्हणालो. "पुरं."

तिनं कुंपणाशी जाऊन शेजारणीला हाक मारली. "ऐकलंस का गो? ती सांगायची त्ये खरं व्हतं! मास्तर सवता आलेत!"

मी पायवाटेनं खाडीवर आलो. होडी पलीकडच्या तीरावर होती, यायला बराच वेळ होता. तेवढ्यात परत जाऊन त्या सुनेला नाही, तर निदान त्या शेजारणीला विचारता आलं असतं की फुलवालीचं नाव काय होतं. मी काठावर बसून राहिलो. होडी आली तसा चढलो.