सत्पात्री

आमच्याकडे आईच्या श्राद्धाला भटजी येत नाहीत. तिच्या तिथीला एखाद्या संस्थेला देणगी द्यायची आणि पावती तिच्या फोटोपुढे ठेवायची, ही पद्धत मीच पाडली. संस्था पारखून घ्यायची, हेही माझंच. ठाण्याला स्टेशनबाहेर एकाला मुलाच्या ऑपरेशनसाठी पैसे दिले होते. पुढच्या वर्षी कल्याणला तोच माणूस, हातात तोच फोटो, आजार मात्र नवा. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर पाणीसुद्धा फुंकायला लागले. "दान सत्पात्रीच हवं," हे डोंबिवलीतल्या आमच्या अख्ख्या सोसायटीला ऐकवून मी वीट आणला होता.

गेल्या वर्षी तिथीच्या आठवडाभर आधी आमच्या पोळ्यावाल्या बाई ओट्याशी थबकल्या. सहा वर्षं विठ्ठलवाडीहून यायच्या.

"काकू, आमच्या ह्यांना डायलिसिस लागलंय. दोनदा चुकलं. रिक्षा, बाहेरची इंजेक्शनं, नाय परवडत ओ. काय होईल का?"

सहा वर्षं मी त्यांच्या हातचं खात होते. घराची किल्ली त्यांच्याकडे असायची. तरी माझ्या तोंडून काय निघावं? "हॉस्पिटलचे कागद घेऊन या, मग बघू."

त्या "बरं" म्हणाल्या. राहिलेल्या पोळ्या लाटल्या, पोळपाट धुतला आणि गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत. मी साधा फोन केला नाही. खरं सांगते, मनात आलं, कागद मागितले तशी बाई गायब. स्वतःच्या हुशारीवर मी खूशही झाले. आज त्याची शिसारी येते.

तिथीला पैसे पाठवले. त्या वर्षीची संस्था किडनीच्या गरीब रुग्णांसाठी काम करणारी होती. ती निवडताना माझ्या डोक्यात बाईंचा नवराच असणार, आणि तरी त्यांना द्यायला माझा हात पुढे झाला नाही. पावती आली, ती आईपुढे ठेवली. आई दारात आलेल्याला नावगाव न विचारता पसाभर तांदूळ घालायची.

दहा-बारा दिवसांनी बाई आल्या. कपाळ मोकळं होतं. नवऱ्याचं तेरावं आदल्या दिवशीच झालं होतं. त्यांनी पिशवीतून झेरॉक्सचा गठ्ठा काढून ओट्यावर ठेवला.

"काकू, तुम्ही मागितलेले कागद. तेव्हा धावपळीत जमलं नाय."

"आता कशाला हो हे?" मला रडू आवरेना.

"पैशासाठी नाय. मी खोटं बोलले असं तुम्हाला वाटायला नको."

मग हात धुऊन त्यांनी परात पुढे ओढली आणि आज पोळ्या किती करायच्या ते विचारलं.