त्र्यंबकरावांची गोदा पायरीवर बसली ती बसलीच

आमच्या छापखान्यातले किस्से मी कुठं लिहून ठेवले नाहीत. ते आपोआप साठले. कोणी भेटलं की एक निघतो, त्याला धरून दुसरा येतो, आणि तिसऱ्याच्या मधात मीच विसरतो की पहिला काऊन सांगत होतो. तेव्हा गोंधळ झाला तर माझ्यावर रागावू नका. त्या छापखान्यात मी रोजच गोंधळलेला असायचो, आणि वय झालं म्हणून त्यात काही कमी झालेलं नाही.

छापखाना खामगावला, बाजाराच्या रस्त्यावर. तेव्हा आपलं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, हुकूम नागपूरहून यायचे. मालक आणि संपादक एकच, आमचे अण्णा. ते एक साप्ताहिक काढायचे आणि मी त्याची प्रूफं वाचायचो. शेजारी जिनिंग फॅक्टरी. तिचा आवाज थांबला की अण्णा दचकून वर पाहायचे. आमच्याकडं येणारे लेखक तीन. तिघंही लिहून पोट भरणारे, आणि तिघांच्या लिहिण्याच्या तऱ्हा अशा की लिहिणं म्हणजे नेमकं काय, हे मला आजवर कळलेलं नाही.

* * *

पहिले सखारामजी. हे मंगलाष्टकं आणि मानपत्रं लिहायचे. मानपत्रं त्यांच्याकडं तयार असायची, फक्त नावाची जागा मोकळी. एकदा एक साहेब बदलून चालले होते आणि दुसरे त्यांच्या जागी आले होते. दोघांचा समारंभ एकाच मांडवात. सखारामजींनी नावं बरोबर भरली, पण चुकीच्या कागदांवर.

नवीन साहेबांच्या गळ्यात हार पडला आणि वाचन सुरू झालं, "आपल्या जाण्याने हा तालुका पोरका होत आहे." साहेबांचा चेहरा उतरला. शेजारच्याला हळूच विचारतात, "माझी ऑर्डर निघाली काय?"

मग जुन्या साहेबांची पाळी. "आपण आलात, आता तालुक्याचे दिवस पालटतील." मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता सखारामजी गेले. तर जुने साहेब रुमालानं डोळे पुसत उठले आणि म्हणाले, "मी आलो तेव्हा हे मला कोणीच म्हणालं नाही हो."

* * *

याच सखारामजींना मंगलाष्टक सुचायला समोर लग्न लागायचं. वाजंत्री, अंतरपाट, अक्षता, सगळं डोळ्यांसमोर असलं की ओळी यायच्या. अडले की टोपी घालून कोणाच्याही मांडवात जाऊन बसायचे. जेवून यायचे आणि कडवं घेऊन यायचे.

एका वर्षी तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्ताचं काम आलं. आता चातुर्मासात लग्न आणायचं कुठून? सखारामजी म्हणाले, "इथंच लावू." मला मुंडावळ्या बांधून उभं केलं. छपाईच्या कागदाचा अंतरपाट धरला. पलीकडं आमचा कंपोझिटर महादू, डोक्यावर टॉवेलाचा पदर घेऊन. सखारामजींनी सूर लावला आणि खरंच, तिसऱ्या ओळीला त्यांची गाडी सुटली.

त्याच वेळेला दारात एक गृहस्थ उभे राहिले. मोताळ्याहून आले होते, आपल्या मुलीसाठी मला पाहायला. त्यांनी मुंडावळ्या पाहिल्या, अंतरपाट पाहिला, महादूकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. म्हणाले, "आमाले उशीर झाला वाटते." आणि गेले.

* * *

दुसरे गुलाबराव. खामगावपासून कोसभरावर त्यांची शेती, आणि फिरत्या कंपनीसाठी ते नाटकं लिहायचे. लिहायची जागा म्हणजे ज्वारीतला माळा. हातात गोफण. संवाद आधी मोठ्यानं म्हणायचा, मग कागदावर उतरवायचा. पाखरंही उडायची आणि नाटकही पुढं जायचं.

एका नाटकात खुनाचा प्रवेश पंधरा दिवस अडून बसला. मग एका सकाळी एकदम आला. गुलाबराव माळ्यावर उभे राहून गरजले, "आज तुले जित्ता सोडत नाही! तुह्या बापाच्या धुऱ्यावर गाडतो तुले!" पलीकडच्या वावरात बंडूजी. त्यांच्यात आणि गुलाबरावांत धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद जुनाच. बंडूजींनी औत तिथंच सोडलं आणि खामगावची तहसील कचेरी गाठली.

कचेरीसमोर निंबाखाली आमचे तिसरे लेखक बसायचे, त्र्यंबकराव. सनदी अर्जनवीस. लोकांनी हकीकत सांगायची, यांनी अर्ज लिहायचा. बंडूजींनी ऐकलेला शब्दन् शब्द सांगितला, त्र्यंबकरावांनी शब्दन् शब्द लिहिला. इकडं गुलाबराव पाणी प्यायला खाली उतरले तेवढ्यात शेळीनं त्यांचा कागद खाल्ला. पंधरा दिवसांनी आलेला प्रवेश, आणि आता एक ओळ आठवेना.

चौकशीला दोघांना बोलावलं. अर्ज वाचून दाखवला. गुलाबराव उभेच राहिले. "हेच! हेच म्हटलं होतं मी. पुन्हा वाचा, जरा हळू वाचा." आणि खिशातून पेन्सिल काढून उतरवायला बसले. बंडूजी म्हणाले, "पाहा साहेब, कबूल तं करून राह्यला, वरून लिहूनबी देऊन राह्यला." तहसीलदारांनी दोघांकडं पाहिलं आणि जेवायची सुटी सांगितली.

* * *

आता त्र्यंबकराव. वीस वर्षं लोकांच्या हकीकती लिहिल्यावर त्यांना वाटलं, एक आपलीही लिहावी, मनानं रचलेली. अण्णांना साप्ताहिकासाठी क्रमशः गोष्ट हवीच होती. पहिलं प्रकरण माझ्या हातात आलं. सुरुवात अशी, कचेरीत बाईच्या नावाआधी लावतात त्या 'मुसम्मात'सकट:

"मुसम्मात गोदावरी, वय वर्षे सतरा, धंदा घरकाम, राहणार तालुका मेहकर, अर्जदार. विरुद्ध, सासू वगैरे चार इसम."

अण्णांनी डोक्याला हात लावला. "त्र्यंबकराव, ही कादंबरी आहे की फिर्याद?"

"हकीकत खरी वाटाले पाह्यजे ना," त्र्यंबकराव म्हणाले.

नायक कसा दिसतो, हे पुढं एका ओळीत होतं: "सदर इसम दिसण्यास बरा, परंतु आईपुढे बोलत नाही." मला वाटलं, हे कोण वाचणार? तर चावड्यांवर लोक गोळा होऊन ऐकायला लागले. चिखलीहून एक जण खास आला आणि विचारू लागला, गोदेची पेशी कोणत्या तारखेला आहे? त्याला काय सांगावं हे मला कळेना, म्हणून मी पुढची तारीख दिली.

अण्णांनी एकदा विचारलं, "ही गोदा कोण हो?" त्र्यंबकराव लाजले. "कोणी नाही. माह्या मनातली हाय."

* * *

सातव्या प्रकरणात सासरच्यांनी गोदेला घराबाहेर काढलं. ती चालत लोणारला गेली आणि सरोवराकाठच्या देवळाच्या पायरीवर बसली. आम्ही सगळेच हळहळलो. आठव्या आठवड्यात ती पायरीवर बसलेली होती आणि पाण्याचं वर्णन होतं. नवव्या आठवड्यात ती बसलेली होती आणि झाडांचं वर्णन होतं. दहाव्यात पुन्हा पाणी.

बाजारात लोक मला अडवायचे. "काऊन हो, थे अजून बसूनच हाय काय?" नांदुऱ्याच्या एका म्हातारीनं शेंगदाण्याचा लाडू पाठवला, "गोदीले द्या, उपाशी असन पोरगी." तो कोणी खायचा यावर आमचं एकमत होईना. शेवटी मी खाल्ला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पण मग हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. निंबाखाली येणारी माणसं कमी झाली. लोक म्हणायला लागले, "ज्याले आपल्या गोदीचा निकाल लावता येत नाही, थो माह्या वावराचा काय लावन?" आणि वडाखाली बसणाऱ्या दुसऱ्या अर्जनवीसाकडं जाऊ लागले. वीस वर्षांची बैठक, आणि समोरची सतरंजी रिकामी. मला फार लागलं ते.

मी जाऊन शेजारी बसलो. म्हटलं, "काका, अडलं कुठं?"

त्यांनी दौतीचं झाकण लावलं. "समोर कोणी बसून सांगतलं की माहा हात चालते. सासरचा जाच सांगाले रोज बाया येतात, म्हणून सात प्रकरणं झाली. पायरीवरून उठून पुढं काय केलं, हे सांगाले कोणीच परत येत नाही, बाबू." मग म्हणाले, "वीस वरसात एक अर्ज अधुरा नाही सोडला मी. आपला एक मांडला, तं थो असा बसला."

* * *

अण्णांनी हे ऐकलं आणि तोडगा काढला. समोर अर्जदार पाहिजे ना? मग कोणीतरी गोदा होऊन बसायचं. सखारामजी आधी बसले. छान रडले, पण वृत्तात रडले. त्र्यंबकराव म्हणाले, "अर्जात श्लोक चालत नाही," आणि त्यांना उठवलं.

मग मी. मिशीसकट गोदा.

"पायरीवरून उठून कुठं गेली?" त्र्यंबकरावांनी लेखणी बुडवून विचारलं.

"जळंबला. गाडी धराले."

"लोणारहून जळंब? पायी? कोणत्या रस्त्यानं? संगती कोण होतं? रस्त्यात कोणी पाह्यलं?"

मी मेहकर म्हटलं, मग चिखली म्हटलं, मग पुन्हा मेहकरला आलो. गाडी धरून जायचं कुठं, हेही मला माहीत नव्हतं. घर नाही, माणूस नाही. आणि काय झालं कोण जाणे, मला खरंच रडू आलं. भोवती माणसं जमली. एका म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "रडू नको बापू. सासू अशीच असते."

त्र्यंबकरावांनी कागद कोराच परत ठेवला. अण्णा त्या दिवशी म्हणाले, आणखी एक आठवडा वाट पाहू, नाहीतर गोष्ट बंद केल्याची सूचना छापू. सूचना लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी लिहूनही ठेवली.

* * *

बाजाराच्या दिवशी मी ती सूचना खिशात घालून निंबाखाली गेलो, त्र्यंबकरावांना आधी दाखवावी म्हणून. तर सतरंजीवर एक बाई बसलेली. पन्नाशीची असेल. उन्हानं रापलेली, डोक्यावर पदर, शेजारी कापसाच्या सरकीचं गाठोडं. ती खालच्या आवाजात सांगत होती आणि त्र्यंबकराव लिहीत होते. वर न बघता, कागदामागून कागद. मला आनंद झाला. म्हटलं, चला, निदान एक अर्जदार तरी परत आला.

मी निंबाच्या पलीकडं बसून राहिलो. जिनिंगचा आवाज कचेरीपर्यंत येत होता, त्यामुळं काही ऐकू येत नव्हतं. मधे एकदा तो थांबला, तेवढं एक वाक्य माझ्या कानावर आलं. ती म्हणत होती, "मी तं कवाचीच उठली तिथून, दादा. तुमीच बसवून ठेवलं मले."

जिनिंग पुन्हा सुरू झालं.

शेवटी त्र्यंबकरावांनी सगळं वाचून दाखवलं, रिवाजाप्रमाणं. तिनं मान हलवली, शाईच्या गादीवर अंगठा दाबला, कागदावर उमटवला, आणि गाठोडं डोक्यावर घेऊन बाजारात शिरली. त्र्यंबकरावांनी कागद माझ्या हातात दिले. "अण्णाले दे. आखरी प्रकरण हाय."

मी म्हटलं, "काका, ही बाई कोण?"

ते लेखणी पुसत होते. "वर लिहिलं हाय. वाच."

प्रकरण साधंच होतं. गोदा उठली. देवळाजवळच्या पाण्याच्या धारेवर तोंड धुतलं. कापूस वेचायला लागली. मग बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दुसऱ्याचं वावर केलं, मग स्वतःचं घेतलं. सासरचे एकदा न्यायला आले, त्यांना पाणी पाजून परत पाठवलं. आम्ही ते छापलं, आणि पुढच्या बाजाराला निंबाखालची सतरंजी भरलेली होती. अण्णांनी एका शब्दाला हात लावला नाही. फक्त सुरुवातीची ओळ काढून टाकली, वाचक गोंधळतील म्हणून. तो कागद मी अजून ठेवला आहे. अंगठ्याची शाई फिकी झाली, पण त्र्यंबकरावांचं अक्षर स्वच्छ वाचता येतं:

"मुसम्मात गोदावरी, वय वर्षे बावन्न, धंदा शेती, राहणार तालुका मेहकर. अर्जदार खुद्द हजर."