रजेच्या अर्जात नसलेलं कारण

"महिन्यात अकरा वेळा लेट. दारू पितो का हा?" मॅनेजर साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला.

पुंडलिकची ही तिसरी चार्जशीट. चार्जशीट म्हणजे खुलासा मागणारं पत्र. आमच्या कंपनीत तिसऱ्या पत्रानंतर नोकरी जायची. मी तेव्हा अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत वेल्फेअर ऑफिसर होतो. जे काम कोणाचंच नसतं ते वेल्फेअर ऑफिसरचं.

आधीच्या दोन्ही खुलाशांत पुंडलिकने एकच लिहिलं होतं: झोप लागली. दारूचा संशय मलाही होताच.

शुक्रवारी कंपनीला सुट्टी. सकाळीच न कळवता बदलापूरला हेंद्रेपाड्यात त्याच्या घरी गेलो. दार उघडं होतं. पुंडलिक खोबरेल तेलाची वाटी घेऊन बायकोची वेणी घालत होता. दोन वर्षांपूर्वी लकव्याने यमुनाची उजवी बाजू गेली होती. अंघोळ, भरवणं, वेणी, सगळं उरकून तो फर्स्ट शिफ्टला धावायचा. मग दुपारी तिची जाऊ शेतावरून येईपर्यंत यमुना एकटी पडून असायची.

"खरं का नाही लिहिलंस?"

"पोरं हसतील साहेब. बाई झालास बोलतील. झोपेला कोण हसत नाय."

मला माझीच लाज वाटली.

सोमवारी मी साहेबांकडे त्याच्यासाठी कायमची सेकंड शिफ्ट, म्हणजे दुपारची पाळी, मागितली. सेकंड शिफ्टमधला, उल्हासनगर कॅम्प एकचा लछमन अदलाबदलीला एका पायावर तयार होता. त्याला संध्याकाळी भावाच्या दुकानात बसायचं होतं.

"आज एकाला दिलं तर उद्या रांग लागेल," साहेब म्हणाले.

"लागू दे साहेब. किती जण आहेत ते तरी कळेल."

त्यांनी चार्जशीट बाजूला ठेवली आणि तीन महिन्यांपुरती सही केली. पुंडलिक त्या तीन महिन्यांत एकदाही लेट झाला नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे मशिनांची पूजा व्हायची, कामगारांची घरची माणसं यायची. नारळ वाढवायचा मान साहेबांचा. त्या वर्षी तो पुंडलिकला द्यावा असं मी सुचवलं आणि साहेब चक्क हो म्हणाले. पुंडलिकच नको म्हणत होता. यमुना म्हणाली, "मी येते. बघू कोण हसतंय."

दोघा कामगारांनी तिला रिक्षातून उतरवून खुर्चीत बसवलं. पुंडलिक घरी काय करतो ते साहेबांनी माइकवरून सांगितलं. मागून कोणीतरी टोमणा मारलाच, "वहिनी, वेणी कोणी घातली?"

"यांनी," यमुना अडखळत म्हणाली. "तुला येते का?"

सगळे हसले, पण टोमणा मारणाऱ्याला. पुंडलिकने नारळ फोडला तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

पुढच्या आठवड्यात माझ्या केबिनबाहेर खरंच रांग लागली. तीन जणांची. त्यात आमचा टाइमकीपर होता, पुंडलिकच्या नावापुढे लाल शाईने लेट लिहिणारा. त्याची आई त्याला ओळखत नव्हती, घरातून निघून जायची. त्याच्या रजेच्या प्रत्येक अर्जावर कारण होतं ताप.

रजेच्या छापील अर्जात आम्ही एक कारण वाढवलं: घरचं माणूस सांभाळणे. त्या महिन्यापासून कंपनीतली तापाची साथ बरीच ओसरली.