धूर सरळ खाली आला

प्लेटवर एक पांढरा ठिपका उगवला होता, मोहरीपेक्षाही लहान. लॅबमधून फोन आला तेव्हा मी बाकावर बसून आत जायचे बूट घालत होते. आमच्या मॅनेजरने फोन ठेवला आणि ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तू आज आत जाऊ नकोस."

बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत मी काम करते. दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या आणि दूध न पचणाऱ्या बाळांना शिरेतून अन्न द्यावं लागतं. साखर, प्रथिनं, क्षार असं सगळं निर्जंतुक पिशवीत भरायचं, हे माझं काम. ते स्वच्छ हवेच्या कॅबिनेटमध्ये चालतं. वरच्या फिल्टरमधून गाळलेली हवा सतत खाली येत राहते आणि त्या हवेत फक्त आपले हात असतात. काम संपलं की हातमोज्यांची बोटं एका प्लेटवर टेकवायची आणि ती प्लेट लॅबमध्ये उबेला ठेवायची. बोटांवर काही असलंच, तर ते काही दिवसांनी उगवून दिसतं.

पण तोवर पिशवी वॉर्डात गेलेली असते. ठिपक्याची ती प्लेट घेतली त्या दिवशीची माझी पिशवी एका मुलीला लागली होती. तिचं वजन साखरेच्या किलोच्या पुड्याहूनही कमी होतं.

"ती कशी आहे?" मी विचारलं.

"ताप नाही. डॉक्टरांना कळवलंय, ते लक्ष ठेवून आहेत," मॅनेजर म्हणाली. "आणि हे बघ, त्वचेवरचा साधा जंतू आहे. असं होतं कधीतरी."

असं होतं, हे मलाही माहीत होतं. नवीन मुलींना मीच तर ते सांगायचे. पण त्या दुपारी ऑफिसात लेबलं तपासत बसले आणि एकही ओळ डोक्यात शिरेना. सगळं लक्ष त्या दिवशीच्या कामाकडे. बाही वर सरकली होती का? मोज्यावर स्पिरिट मारून ते वाळायच्या आतच सिरिंज उचलली का? आठवायला गेलं की दर वेळी हात वेगळंच काहीतरी करताना दिसायचे. शेवटी मला खरं काय तेच कळेनासं झालं.

घरीही तेच. भाजी चिरायच्या आधी हात धुवायचे, चिरता चिरता मध्येच पुन्हा धुवायचे. माझी मुलगी इथेच जन्मलेली, तिचं मराठी तिच्या पद्धतीचं. ती दारात उभी राहून म्हणाली, "आई, तू किती वेळा हात धुतो? तुझी हात लाल झाली बघ." एरवी मी तिचं वाक्य सुधारलं असतं. त्या दिवशी नुसता नळ बंद केला. नवरा म्हणाला, "तू बस ना जरा." बसले, आणि लगेच उठले.

मग कॅबिनेट तपासायला इंजिनिअर आला. सगळी मापं घेऊन झाल्यावर त्याने एक बारीक नळी काढली. तिच्यातून पांढरा धूर निघतो आणि हवा कशी वाहते ते डोळ्यांना दिसतं. आम्ही काचेबाहेरून बघत होतो. मी मनात म्हणत होते, वळ. कुठेतरी अडखळ, उलटा फिर, एखादा कोपरा दाखव. म्हणजे फिल्टर बदलतील आणि मी सुटेन.

धूर सरळ खाली आला. डाव्या कडेला, उजव्या कडेला, मागे, माझे हात असतात त्या जागी. कुठेच वळला नाही.

"छान चाललंय तुमचं मशीन," इंजिनिअर बाहेर येऊन खुशीत म्हणाला. मी थँक यू म्हटलं आणि टॉयलेटमध्ये जाऊन रडले.

त्यानंतर माझी परीक्षा. औषधांच्या जागी जंतूंना आवडणारं पाणी घेऊन, मॅनेजरच्या नजरेसमोर, सगळं काम पहिल्यापासून करून दाखवायचं. मग त्या पिशव्या उबेला ठेवायच्या आणि गढूळ होतात का याची वाट बघायची. ते दिवस काही केल्या सरेनात. बसने जाताना मधल्याच स्टॉपवर उतरून उरलेला रस्ता चालायचे. सीटवर बसून राहणंच जमत नव्हतं.

वॉर्डाची फार्मासिस्ट दुपारी खाली यायची. मी तिला विचारायचे नाही, नुसती बघायचे. एकदा तिनेच सांगितलं, "तुझी ती मुलगी. तिला तुझ्या पिशव्या आता नकोत. आईचं दूध पचतंय."

"ताप?"

"आलाच नाही कधी."

मी खुर्चीत मागे टेकले.

पिशव्याही स्वच्छ निघाल्या. ठिपका कुठून आला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं, कारण सापडलं नाही. मॅनेजरला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला अजून वाटतं.

परत कामाला लागले त्या सकाळी कॅबिनेटचा पंखा नेहमीसारखाच घुमत होता. समोर एका मुलाची ऑर्डर होती, जुळ्यांमधला धाकटा. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने मास्कच्या आडून विचारलं, "ठीक आहेस ना?"

"नाही," मी म्हटलं. "पण सुरू करते." मग मोज्यांवर स्पिरिट मारलं, ते पूर्ण वाळू दिलं आणि हात आत घातले.